प्रेषक व ग्राही यांचे सान्निध्य : खडकी-दौंडपासून रिपीटरपर्यंत

१

बोलणे आणि ऐकणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या पाठातच आपण शिकतो. परंतु एकाच देहात किंवा एकाच यंत्रात या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू लागल्या, तर त्या परस्परांस पूरक न राहता विरोधी होतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बोलणाऱ्याच्या कानाला सर्वांत निकटचा आवाज त्याचा स्वतःचाच असतो आणि त्या आवाजाखाली दूरची हाक सहज बुडून जाते. निसर्गाने यावर काही उपाय योजलेला आहे. मनुष्याच्या मध्यकर्णात रिकिबीच्या आकाराच्या अस्थीला जोडलेला एक अत्यंत लहान स्नायू असतो. माणूस बोलू लागला की हा स्नायू आकुंचन पावून त्या अस्थीचे चलन काहीसे रोखून धरतो. वटवाघुळात हीच योजना अधिक नेमकी आहे. चीत्कार करण्यापूर्वी क्षणभर त्याच्या मध्यकर्णातील स्नायू आखडतो आणि प्रतिध्वनी येण्याच्या वेळी सैल पडतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक कान आणि त्याच्या शेजारचे मुख हा आहे. हौशी रेडिओ-संचालक, ज्यांना जगभर 'हॅम' या नावाने ओळखतात, डोंगरमाथ्यावर बसविलेल्या 'रिपीटर' नावाच्या यंत्राचा उपयोग करतात. दरीतील माणसाच्या हातातल्या लहान संचाची क्षीण हाक हे यंत्र एका कंप्रतेवर ऐकते आणि त्याच क्षणी, दुसऱ्या कंप्रतेवर, अनेक पट अधिक शक्तीने तिचा पुनरुच्चार करते. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. 'रिपीटर' या इंग्रजी नावात, आणि त्यासाठी योजता येण्याजोग्या 'पुनःप्रेषक' या मराठी प्रतिशब्दातही, निर्देश आहे तो मुखाचा, कानाचा नाही. यंत्राची निम्मी बाजू, आणि तीही अधिक नाजूक बाजू, नामकरणातच दृष्टीआड झाली आहे.

तिचे दृष्टीआड होणे केवळ शाब्दिक नाही. प्रेषकात दोष निर्माण झाला तर तो सर्वांस तत्काळ कळतो, कारण यंत्र मुके होते. ग्राहीत दोष निर्माण झाला तर यंत्र बोलतच राहते आणि ज्याची हाक ऐकू आली नाही तो मनुष्य तेथे नव्हताच, असे इतरांना वाटते. प्रेषकाच्या उपद्रवापासून ग्राहीचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न म्हणून वरवर दिसतो तितका निव्वळ तांत्रिक नाही. तो महाराष्ट्राच्या भूमीवर कोणकोणत्या रूपांनी उभा राहिला व सोडविला गेला, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

२

हा प्रश्न बिनतारी संदेशवहनाहून जुना आहे. हिंदुस्थानात विद्युत् तारायंत्र सर्वसामान्य जनतेला १८५५ साली खुले झाले. त्या काळी एका तारेवरून एका वेळी एकाच दिशेने संदेश जाऊ शकत असे. कारण प्रेषणासाठी तारेत सोडलेला प्रवाह प्रेषकाच्या शेजारच्याच ग्राहीला प्रथम हलवी, आणि दूरच्या गावाहून येणारा प्रवाह त्या हालचालीत ओळखू येत नसे. व्हिएन्ना येथील गिंट्ल याने १८५३ मध्ये यावर एक युक्ती सुचविली. तिच्यातून विकसित झालेल्या एका रचनेत स्वतःचा प्रवाह दोन समान भागांत विभागून एक भाग खऱ्या तारेत आणि दुसरा एका कृत्रिम तारेत सोडीत, व हे दोन भाग ग्राहीच्या वेटोळ्यांतून परस्परविरुद्ध दिशांनी नेत. त्यांचे परिणाम एकमेकांस छेदून शून्य होत. दूरचा प्रवाह मात्र असा छेदला जात नसल्यामुळे तो ग्राहीला जाणवे. अमेरिकेतील स्टर्न्झ याने १८७२ च्या सुमारास कृत्रिम तारेला धारित्राची जोड दिली, तेव्हा लांब पल्ल्याच्या तारांवर ही पद्धती व्यवहार्य झाली. हिंदुस्थानच्या तार खात्यातील लुई श्वेंडलर याने या द्विमार्गी तारायंत्राची सर्वसाधारण उपपत्ती १८७४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडली.

या पद्धतीचे मर्म असे की स्वतःचा आवाज ज्ञात असतो, म्हणून तो वजा करता येतो. तिची मर्यादाही याच मर्मात होती. कृत्रिम तार खऱ्या तारेशी तंतोतंत जुळली पाहिजे. पावसाळ्यात खांबांवरील विसंवाहक भिजून प्रवाह जमिनीत झिरपू लागला, की खरी तार बदले आणि समतोल ढळे. तो पुनःपुन्हा जुळवून घ्यावा लागे. ऐकण्याची सोय एकदा करून ठेवली म्हणजे ती कायमची झाली असे होत नाही, हा धडा तारायंत्राच्या काळातच मिळालेला होता.

३

बिनतारी युगात वजाबाकीची ही युक्ती प्रारंभी उपयोगी पडण्यासारखी नव्हती. प्रेषकाची शक्ती फार मोठी आणि येणारा तरंग फार दुबळा, अशी तेथे स्थिती होती. मार्कोनीच्या कंपनीने सरळ मार्ग स्वीकारला तो अंतराचा. आयर्लंडमधील क्लिफडेन येथे अटलांटिकपार संदेश पाठविणारे केंद्र होते, तर ऐकण्याचे केंद्र १९१३ च्या सुमारास लेटरफ्रॅक या दुसऱ्या गावी नेण्यात आले. त्यामुळे दोन्ही दिशांचा व्यवहार एकाच वेळी चालू ठेवता आला.

याच तत्त्वाचे भव्य उदाहरण पुणे जिल्ह्यात उभे राहिले. १९२७ साली इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान लघुतरंगांची 'बीम' सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण-केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण-केंद्र दौंड येथे होते. एक मुळेच्या काठी, दुसरे भीमेच्या काठी, आणि दोहोंमध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटरांचे अंतर. इंग्लंडमध्येही अशीच विभागणी होती : ग्रिम्सबीजवळून प्रेषण आणि स्केगनेसजवळ ग्रहण. दोन्ही टोकांना मुख एका गावी आणि कान दुसऱ्या गावी असे, आणि त्यांना जोडणारे काम जमिनीवरच्या तारा करीत. १९३३ साली इंग्लंड-हिंदुस्थान रेडिओ-टेलिफोन सुरू झाला. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी ही परदेशी संदेशवहनाची व्यवस्था सरकारी मालकीची होऊन 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' या नावाने चालू लागली.

खडकी-दौंडच्या योजनेत लक्षात घेण्याजोगी बाब अशी की येथे ग्राहीसाठी केलेला खर्च स्पष्ट डोळ्यांना दिसत होता. स्वतंत्र जागा, स्वतंत्र इमारत, स्वतंत्र कर्मचारी आणि मैलोगणती तार हे सारे केवळ ऐकणे निर्वेध व्हावे यासाठी होते. साम्राज्याच्या व्यापाराला हा खर्च परवडत होता. ज्यांना तो परवडत नाही, त्यांना कान व मुख एकाच छपराखाली नांदविण्याचा मार्ग शोधावा लागतो.

४

त्यांतील सर्वांत स्वस्त मार्ग काळाचा. एकाने बोलावे तेव्हा दुसऱ्याने ऐकावे, आणि मग पाळी बदलावी. पोलिसांच्या बिनतारी संचावर वाक्याच्या शेवटी उच्चारला जाणारा 'ओव्हर' हा शब्द याच व्यवस्थेचे व्याकरणिक चिन्ह होय. त्याला वाक्यार्थ नाही. 'माझी पाळी संपली, आता कान उघडा आहे' एवढेच तो सांगतो. समोरासमोरच्या संभाषणात हेच काम स्वराचा उतार, दृष्टिक्षेप आणि वाक्यरचनेची पूर्तता यांनी साधते. सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात संभाषणातील पाळीच्या नियमांचे जे विवेचन केले, त्याचा पायाही हाच की बहुतांशी एका वेळी एकच जण बोलतो. बिनतारी संचावर दृष्टिक्षेप पोहोचत नसल्यामुळे तेथे स्वतंत्र शब्द लागला.

परंतु रिपीटरला ही सवलत नाही. ऐकणे आणि बोलणे एकाच क्षणी चालले पाहिजे, हा त्याचा धर्मच आहे. त्याला 'ओव्हर' म्हणून थांबता येत नाही.

५

उरतो तो मार्ग कंप्रतेच्या भेदाचा. याचेही मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातच सापडते. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली विक्रम भू-केंद्र कार्यान्वित झाले आणि हिंदी महासागरावरील उपग्रहाच्या द्वारे भारताचे परदेशांशी दळणवळण सुरू झाले. खडकी-दौंडपासून आर्वीपर्यंतच्या चव्वेचाळीस वर्षांत झालेला पालट विलक्षण होता. पूर्वी ज्या दोन केंद्रांमध्ये पाऊणशे किलोमीटर अंतर होते, ती दोन्ही आता सुमारे तीस मीटर व्यासाच्या एकाच आकाशकात सामावली. हे शक्य झाले, कारण उपग्रहाकडे जाणारे तरंग ६ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आणि उपग्रहाकडून येणारे ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचे होते.

संगीताच्या परिभाषेत बोलायचे तर ६ आणि ४ यांचे गुणोत्तर षड्ज-पंचमाचे आहे. इतके अंतर असलेले दोन स्वर साध्या कानालाही वेगळे करता येतात; यंत्रालाही ते कठीण नाही.

तथापि केवळ मोठे अंतर म्हणजे निर्भयता नव्हे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने हौशी संचालकांसाठी ५ मे २००५ रोजी कक्षेत सोडलेला 'हॅमसॅट' हा उपग्रह ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकत असे व १४५.९ च्या आसपास बोलत असे. हे अंतर पंचमाहूनही मोठे. पण तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतच वरच्या सप्तकातील पंचम सूक्ष्मपणे वाजत असतो, हे जाणकारांस ठाऊक आहे. तो मूळ स्वराच्या तिप्पट कंप्रतेचा असतो. त्याचप्रमाणे १४५.९ ची तिप्पट ४३७.७ होते, आणि ती ४३५ च्या अगदी शेजारी येऊन बसते. अशा ठिकाणी मुखातून निघणारे उपस्वरही छाटावे लागतात.

६

आता रिपीटरकडे वळू. भारतात हौशी संचालकांसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला आहे. त्यातील रिपीटरच्या ग्रहणाच्या व प्रेषणाच्या कंप्रतांमध्ये प्रचलित अंतर ०.६ मेगाहर्ट्झचे असते. म्हणजे यंत्राने १४५.० वर ऐकावे आणि १४५.६ वर बोलावे. हा भेद शेकडा ०.४ इतकाच. आर्वीचा भेद षड्ज-पंचमाचा होता. हा भेद एका प्रमाणश्रुतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका आहे. उत्तम गवयाच्या कानालाही तो पकडणे सोपे नाही.

दुसरीकडे शक्तीतील तफावत पाहावी. प्रेषकाची शक्ती २५ वॉट धरली आणि ग्राहीला जेमतेम ऐकू येणारा तरंग ०.२ मायक्रोव्होल्टचा धरला, तर या दोन शक्तींचे गुणोत्तर तीनावर सोळा शून्ये इतके येते. भास्कराचार्यांच्या संख्यास्थानांत परार्ध हे शेवटचे स्थान; हा आकडा परार्धाच्या जवळजवळ एकतृतीयांश भरतो. एवढी गर्जना आणि एवढी कुजबुज एकाच डोंगरावर, एकाच खोलीत आणि बहुधा एकाच आकाशकावर एकत्र नांदवावयाची असते.

उपद्रव दोन प्रकारचा असतो आणि त्या दोहोंत भेद न केल्यास उपाय फसतात. पहिला असा की प्रेषक केवळ आपल्या नेमून दिलेल्या कंप्रतेवरच बोलत नाही; त्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीक खरखर पसरलेली असते. तिचा काही अंश ग्राहीच्या कंप्रतेवरच पडतो. तो अंश ग्राहीला कधीही गाळता येणार नाही, कारण तो ज्या दाराने येतो त्याच दाराने दूरची हाकही येते. तो प्रेषकाच्या बाजूलाच अडविला पाहिजे. दुसरा उपद्रव असा की प्रेषकाचा मुख्य तरंग, दुसऱ्या कंप्रतेवर असूनही, आपल्या प्रचंड बळाने ग्राहीच्या पहिल्या टप्प्याला दडपून टाकतो व त्याची संवेदनक्षमता घटवितो. हा अडवावयाचा तो ग्राहीच्या बाजूला. दोन्ही मिळून साधारणतः ८० ते ९० डेसिबेल, म्हणजे दहा कोटी ते शंभर कोटी पट, अलगता लागते.

खडकी-दौंडचा मार्ग येथेही मोकळा आहे. ढोबळ हिशेबाने ८० डेसिबेल मिळविण्यासाठी दोन आकाशके एकाच पातळीवर सुमारे दीड किलोमीटर दूर ठेवावी लागतात. तीच एकाच खांबावर एकाखाली एक बसविली तर चाळीस मीटरांच्या आसपास भागते, कारण उभा आकाशक आपल्या माथ्याच्या व पायाच्या दिशेने जवळजवळ काहीच फेकत नाही. परंतु हौशी मंडळींना डोंगरावर चाळीस मीटरांचा स्वतंत्र खांब कोठून मिळावा?

७

म्हणून उपाय शोधावा लागला तो अनुस्पंदनाचा. धातूची एक पोकळ कोठी, तिच्या मध्यभागी एक दांडा, आणि एका टोकाला दोहोंचा जोड. दांड्याची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला अर्ध्या मीटरहून किंचित अधिक. ही कोठी एका कंप्रतेला जोराने साद देते आणि शेजारच्या कंप्रतांना नाकारते.

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला ही कोठी अपरिचित वाटू नये. प्रौढ पुरुषाचा वाक्‌मार्ग सुमारे सतरा सेंटिमीटर लांबीची, कंठाशी बंद व ओठांशी खुली अशी नळी आहे. तीही चतुर्थांश तरंगलांबीच्या नियमाने अनुस्पंदन पावते, आणि म्हणूनच उदासीन स्वराचे बलपट्टे ५००, १५०० व २५०० हर्ट्झच्या आसपास येतात. साम्य येथेच संपत नाही. 'म' उच्चारताना ओठ मिटलेले असतात व ध्वनी नाकावाटे जातो. बंद मुखविवर हे मुख्य मार्गाला जोडलेली एक आडवी कोठी होते व एका विशिष्ट कंप्रतेच्या पट्ट्याला गिळून टाकते. 'न' मध्ये ही बंद कोठी आखूड असते, म्हणून गिळला जाणारा पट्टा वरचा असतो. रिपीटरमध्ये कोठ्यांचा उपयोग नेमका या दोन्ही रीतींनी होतो. काही योजनेत कोठी हवी ती कंप्रता पुढे जाऊ देते, तर काहींत ती आडव्या फाट्यावर बसून नको ती कंप्रता गिळते.

कोठ्यांच्या या संचाला 'डुप्लेक्सर' म्हणतात. प्रेषकाच्या शाखेतील कोठ्या १४५.६ ला वाट देतात आणि १४५.० वरील खरखर गिळतात. ग्राहीच्या शाखेतील कोठ्या १४५.० ला वाट देतात आणि १४५.६ ची गर्जना गिळतात. सामान्यतः चार किंवा सहा कोठ्या लागतात. उष्णतेने दांडा लांबला तर स्वर ढळतो, म्हणून चांगल्या कोठ्यांत अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूचा उपयोग करतात. खडकी ते दौंड हे अंतर अशा प्रकारे कमरेइतक्या उंचीच्या काही नळकांड्यांत येऊन बसले.

८

रत्नागिरी जिल्ह्यात या विवेचनाला निकडीचे स्वरूप येते. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधील हा प्रदेश जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांच्या खोऱ्यांनी चिरलेला आहे. या कंप्रतांचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जात असल्यामुळे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात हाक जावयाची ती माथ्यावरच्या यंत्रामार्फतच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात आणि २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळुणात वीज व मोबाइल सेवा कोलमडल्या, तेव्हा नेहमीच्या संदेशवहनावर किती विसंबावे याची कल्पना सर्वांस आली. अशा दिवशी हातातील पाच वॉटच्या संचाला आधार रिपीटरचाच.

त्याच हवेत रिपीटर बहिरा होण्याची कारणेही साठलेली असतात. खाऱ्या वाऱ्याने खांबाचे नटबोल्ट गंजतात. असा गंजलेला सांधा प्रेषकाच्या प्रबळ तरंगाने उद्दीपित होऊन स्वतःच खरखर उत्पन्न करतो. ती कोठ्यांच्या बाहेर, आकाशकाच्या सान्निध्यात जन्मलेली असल्यामुळे कितीही उत्तम डुप्लेक्सर तिला अडवू शकत नाही. वारा सुटला की सांधे हलतात आणि ती वाढते. पावसाचे पाणी तारेच्या जोडात शिरते आणि कोठ्यांनी जुळविलेला मेळ बिघडतो. तारायंत्राच्या काळी पावसाने ढळणारा समतोल येथे नव्या रूपाने भेटतो.

या बहिरेपणाचे माप साध्या आकड्यांत सांगता येते. ग्राहीची संवेदनक्षमता २० डेसिबेलने घटली तर पाच वॉटचा संच त्याला वॉटच्या विसाव्या हिश्शाचा भासतो. जवळच्या व प्रबळ संचांची संभाषणे मात्र पूर्ववत् चालू राहतात. रिपीटर खणखणीत बोलत असतो, संचालक संतुष्ट असतात, आणि केवळ खोऱ्याच्या तळाशी असलेला, बॅटरी संपत आलेला माणूस संभाषणातून वगळला जातो. त्याच्या वगळण्याची नोंद कोठेच होत नाही, कारण नोंदवहीत उतरते ते ऐकलेलेच.

दोष ओळखण्याची रीत मात्र कठीण नाही. ग्राहीला बाहेरून एक अत्यंत क्षीण, मोजलेला तरंग पुरवावा. प्रेषक बंद असताना तो किती स्पष्ट ऐकू येतो हे नोंदवावे. मग प्रेषक चालू करून तीच नोंद पुन्हा घ्यावी. दोन नोंदींतील फरक म्हणजे यंत्राचा बहिरेपणा. नंतर प्रेषक खऱ्या आकाशकाऐवजी एका निरुपद्रवी भाराला जोडून पाहावे. दोष नाहीसा झाला तर तो खांबावर किंवा तारेत आहे, आणि कायम राहिला तर कोठ्यांत किंवा खोलीतील जोडणीत. ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्याच्या अखेरीस एकदा घेतली पाहिजे.

खडकी-दौंडच्या काळी ऐकण्यासाठी वेगळे गाव वसवावे लागत होते, म्हणून ऐकण्याचे मोल कोणाला सांगावे लागत नव्हते. कान व मुख एका पेटीत आले तेव्हापासून ते मोल दिसेनासे झाले. मोजून पाहिल्याखेरीज ते कळत नाही. म्हणून कोकणातील कोणत्याही माथ्यावर रिपीटर उभा करताना तो किती दूर ऐकू जातो हे विचारण्याआधी, बोलत असताना तो स्वतः किती दूरचे ऐकतो, हे विचारले गेले पाहिजे.